सगळ्याला ऊन दाखवा: निगडी ते चाकण, एका बरणीसाठी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. मी पिशवीत एक काचेची बरणी घेऊन निगडीहून आळंदीमार्गे चाकणला गेलो. या ब्लॉगवर मी एका दिवसात होणाऱ्या, घरच्या डब्यावर भागणाऱ्या सहली लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. ही त्यातलीच एक धरा. फक्त इथे पाहण्यासारखं फार काही नाही आणि मी काही पाहायला गेलोही नव्हतो.

कारण सांगतो. माझी थोरली बहीण अक्का आमच्याकडेच राहते. गेल्या दिवाळीच्या आधी तिला नागीण झाली, डाव्या बरगडीवर. फोड गेले, आग राहिली. ब्लाउजचं कापड टेकलं तरी ती ओठ चावते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिला चक्कर यायची आणि बाथरूममध्ये दोनदा पडता पडता वाचली. मग आळंदीच्या एका वैद्यबाईंनी चूर्ण दिलं. त्यात विजया असते. विजया म्हणजे भांगेचं पान, आयुर्वेदातलं सभ्य नाव. परवाना असलेल्या कारखान्यात बनतं आणि वैद्याच्या चिठ्ठीवरच मिळतं. कुठे मिळेल असं मला मेसेज करून विचारू नका, मी उत्तर देणार नाही. पहिल्या बाटलीने अक्का झोपायला लागली. दुसरी बाटली एप्रिलच्या सुरुवातीला आणली आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ती पुन्हा खुर्चीत बसून रात्र काढू लागली.

महिनाभराने एका सकाळी ती म्हणाली, "दादा, आता हे बंद कर. अंगालाच काही लागत नाही माझ्या. उगाच कशाला सगळ्यांना त्रास?" मी धाकटा असूनही ती मला दादाच म्हणते. आवाज अगदी साधा होता, भाजी संपली म्हणून सांगावं तसा. मला तो आवडला नाही.

मी बत्तीस वर्षं पिंपरीतल्या एका मोटारीच्या कंपनीत क्वालिटीला होतो. माल नापास झाला की पहिला संशय पुरवठादारावर, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. पहिली बाटली चालली, दुसरी चालली नाही, म्हणजे दुसऱ्या बॅचमध्ये खोट. आणि बॅचमध्ये खोट नसेल, तर मग अक्काच्या अंगानेच औषध सोडलं आणि पुढे द्यायला कुणाकडे काही उरलं नाही. मला बॅचमध्येच खोट निघायला हवी होती. त्यासाठीच निघालो.

निगडीहून सकाळी सातला निघालात तर भोसरीपर्यंत बसायला जागा मिळते. आठनंतर उभं राहा आणि पाय सांभाळा. भोसरीला बस बदलून आळंदी. तिकीट दोन चहांच्या आत. मोशीच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे. ते मी नोकरीला लागलो तेव्हाही चालू होतं. ऐन उन्हाळ्यात खिडकीची डावी बाजू धरा, उजवीकडे सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. मी उजवीकडे बसलो आणि बरणी मांडीवर घेतली. प्रवासात काचेची वस्तू कायम मांडीवर ठेवावी.

आळंदीत उतरल्यावर पुलाखाली इंद्रायणीवर साबणासारखा पांढरा फेस होता. एक बाई त्यातच ओंजळ भरून डोळ्यांना लावत होती. कपाळाला गोपीचंदन लावलेली मुलं पखवाज काखेत घेऊन शिकवणीला चालली होती. बसथांब्यासमोरच्या टपरीवर पोहे चांगले मिळतात, वर शेव मागावी लागते. मी देवळात गेलो नाही. रांग मोठी होती आणि त्या दिवशी माझं काम देवाकडे नव्हतं.

वैद्यबाईंचा दवाखाना घाटामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आहे. त्या पन्नाशीच्या, बोलायला मोजक्या. मी बरणी टेबलावर ठेवली आणि तक्रार सांगितली. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि झाकण न उघडताच परत ठेवली.

"ही बरणी माझी नाही," त्या म्हणाल्या. "मी तपकिरी बाटली दिली होती."

"तिचं तोंड अरुंद होतं. अक्काचा चमचा जाईना, म्हणून मी बदलली. लेबल लावलंय, बॅच नंबर, तारीखही आहे." लेबल मी खरंच छान केलं होतं. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात.

"हं. औषधाचं वीर्य गेल्यासारखं दिसतंय."

आयुर्वेदात कसाला वीर्य म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तरी बाकावरच्या दोन बायकांकडे माझी नजर गेलीच. मी विचारलं, "म्हणजे कारखान्यातूनच तसं आलं?"

त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली. "काका, तुम्ही कारखान्यातच जा. मी फोन करते. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकाल तुम्ही."

तेव्हा मला ते सौजन्य वाटलं.

आळंदीहून चाकणला जायला बसपेक्षा शेअर रिक्षा बरी. भरली की सुटते. चालक केळगावचा, साठीचा, डोक्याला टॉवेल बांधलेला. मी विचारलं, "भाऊ, अकरापर्यंत चाकणला पोचू ना?"

"बसा राव. बसणं आपल्या हातात हाय, पोचणं न्हाई," तो म्हणाला. "व्हय, आमी पोरं व्हतो तवा ह्या रस्त्यानं बैलगाडी लवकर जायची."

आळंदी फाट्याला नाशिक रस्त्यावर आलो आणि त्याचं म्हणणं पटलं. ट्रकवर लादलेल्या नव्या गाड्या, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, मध्येच कांद्याचा टेम्पो. पाऊण तासात आम्ही दोन किलोमीटर गेलो. या पट्ट्यात यायचं असेल तर शिफ्ट सुटायची वेळ टाळा, म्हणजे सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि रात्री बारा. मधल्या वेळेतही गर्दी असते, पण तेव्हा कुणी हॉर्न वाजवत नाही. सगळे हताश असतात.

औषधाचा कारखाना एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर आहे, एका बाजूला पत्र्याचे भाग ठोकणारं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचं. गेटवर वहीत नाव लिहिलं, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागला, टोपी आणि बुटांवरची पिशवी मिळाली. बत्तीस वर्षं मी अशाच गेटांमधून पाहुणा म्हणून आत जायचो आणि लोक माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा फोडायचे. इथे पाणी मिळालं.

क्वालिटीला मृणाल नावाची तिशीची मुलगी होती. वैद्यबाईंचा फोन तिला आला होता. मी लेबलवरचा बॅच नंबर दाखवला आणि म्हटलं, "मॅडम, मी याच लायनीतला आहे. कारणं नकोत. आपण नीट व्हाय-व्हाय काढू."

पिंपरी-चाकणच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इथल्या कुठल्याही कारखान्यात काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारतात. पहिल्या उत्तराला का, त्या उत्तराला पुन्हा का. पाचव्याला मूळ सापडतं असं मानतात. मी पुरवठादारांकडून हे शेकडो वेळा काढून घेतलंय आणि बहुतेक वेळा चौथ्या 'का'ला समोरच्याचा चेहरा उतरतो.

"काढू ना सर," मृणाल म्हणाली. "पण आधी आमची प्रोसेस बघा, म्हणजे आमच्याकडचे 'का' आधी संपतील."

तिने वाळवणीची खोली दाखवली. बाहेर चाळीसच्या वर पारा आणि आत देवळाच्या गाभाऱ्यासारखं गार, जवळजवळ अंधार. खिडक्यांना काळे पडदे, कोपऱ्यात हळू फिरणारे पंखे, कुठलाही पंखा मालाच्या थेट अंगावर नाही. जाळीच्या रॅकवर पातळ थरात पानं पसरलेली. उत्तरेकडून परवान्यावर सीलबंद पोत्यांतून येतात, पण येताना थोडी ओलसर असतात, म्हणून इथे पुन्हा वाळवतात. रॅकपाशी एक बाई हाताने पानं उलटत होत्या. त्या सुमनबाई. मूळच्या हिंगोलीकडच्या, आता कुरुळीत राहतात, सहा वर्षं याच खोलीत काम करतात.

मी म्हटलं, "एवढं ऊन बाहेर फुकट पडलंय आणि तुम्ही पंख्यावर वीज जाळताय?"

सुमनबाई हसल्या. "म्या बी पयल्यांदा हेच म्हनलं व्हतं. आमच्याकडं हळद शिजवून रानात उन्हातच टाकत्यात, पंदरा पंदरा दिस. हळदीला ऊन लागतं. हिला न्हाई. हिला ऊन दावलं की दोन दिसात मरती. पान तसंच दिसतं, पर आतलं जातं."

"आणि अगदी कडक करायचं नसतं," मृणाल म्हणाली. "काडी वाकवली तर मोडली पाहिजे, पण पानाचा भुगा व्हायला नको. मग आम्ही झाकण लावून मुरवतो."

"लोनच्यावानी," सुमनबाई म्हणाल्या. "पयले काही दिस रोज थोडं उघडायचं, वारं द्यायचं, पुन्यांदा झाकायचं. उघडं ठिवलं तर वास उडतो, उघडलंच न्हाई तर बुरशी धरती. नाकावर चालतं सगळं. ह्या म्याडम मशीन लावत्यात, म्या आधी सांगते."

"आणि नंतर मशीनवर तेच येतं," मृणालने कबूल केलं.

मग तिने कपाटातून एक छोटी तपकिरी बाटली काढली. प्रत्येक बॅचची एक बाटली कारखान्यात अंधारात, थंडीत ठेवून देतात, उद्या तक्रार आली तर पुरावा म्हणून. माझ्याच बॅचची होती. दोन पांढऱ्या बशा घेतल्या, एकीत त्यांचं चूर्ण, एकीत माझ्या बरणीतलं. त्यांचं हिरवं, झाकण काढताच नाकात तिखट शिरणारं. माझं मातकट, जुन्या कडब्याच्या वासाचं. मशीनची गरज नव्हती. सुमनबाईंनी माझ्या बशीवर वाकून पाहिलं आणि हळहळल्या. "कुनी भाजलं वो हे?"

"आता काढू व्हाय-व्हाय," मृणाल म्हणाली आणि फळ्यापाशी गेली.

औषध लागू का पडत नाही? कस गेला. कस का गेला? ऊन, उजेड, हवा लागली. का लागली?

तिने खडू थांबवला. "सर, घरी कुठे ठेवता?"

"स्वयंपाकघरात, खिडकीत. पारदर्शक बरणी, लेबल समोर. वस्तू दिसली पाहिजे, हाताशी पाहिजे, माणसाने शोधत बसता कामा नये." हे वाक्य मी कंपनीत भिंतीवर लावलं होतं.

"आणि त्याआधी?"

त्याआधी. माझी बायको मार्चपासून नागपूरला आहे, मुलीच्या बाळंतपणासाठी. तिथून एप्रिलमध्ये फोन आला, "आता कडक ऊन आहे, डब्यातल्या सगळ्याला ऊन दाखवा, नाहीतर पावसाळ्यात पोरकिडे होतील." मी यादी केली. तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, गहू, लाल तिखट, चिंच. वर्षाचं साठवणीचं घर पहिल्यांदाच माझ्या ताब्यात होतं आणि मला ते नीट करून दाखवायचं होतं. चौथ्या फळीवर अक्काची नवी बाटली होती. उघडून पाहिली तर चूर्णाच्या जराशा गुठळ्या झालेल्या. मी ते परातीत कागदावर पसरलं, वर सुती फडकं टाकलं आणि गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दाखवलं. भुरभुरीत झालं. मी बोटांत चोळून पाहिलं आणि अक्काला म्हणालो, "ओके आहे." मग बरणी, लेबल, खिडकी.

मी हे सगळं मृणालला सांगितलं. दुसरं काय करणार? तिने चौथा 'का' लिहिला. पाचव्यापाशी मी म्हटलं, "लिहा. माझं नाव लिहा."

"सर, शेवटच्या ओळीत माणसाचं नाव लिहायचं नसतं. प्रोसेस लिहायची असते," ती म्हणाली. मी मात्र नोकरीत नेहमी नावच लिहून घेतलं होतं. तिने लिहिलं: साठवणुकीची सूचना बाटलीवर ठळक नाही. म्हणजे दोष अर्धा त्यांनी घेतला. मला अतिशय लाज वाटली. आनंदही झाला, आणि तो लाजेपेक्षा मोठा होता. औषध मेलं होतं, अक्काचं अंग नव्हतं.

नवी बाटली कारखान्यातून हातात मिळत नाही. वैद्यबाईंच्या चिठ्ठीवर ती दुसऱ्या दिवशी आळंदीच्या दुकानात येणार होती. पहिल्या शिफ्टची सुटी झाली आणि मी सुमनबाईंबरोबरच सहा सीटरमध्ये बसलो. त्यांनी कुरुळीला उतरून चहाला थांबवलं. कुरुळीत पाहायला पत्र्याच्या चाळी आहेत, भाड्याच्या खोल्या, दारात वाळत घातलेले कंपन्यांचे निळे शर्ट आणि बीड, लातूर, हिंगोली, नांदेडची माणसं. कोपऱ्यावरच्या खानावळीत भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा चांगला मिळतो. पोट शंभराच्या आत भरतं. पंखा फक्त दाराजवळच्या टेबलावर आहे, ते धरा.

भाकरी मोडता मोडता मी माझा बेत सांगितला. नवी बाटली आणायची, जुनं चूर्ण फेकायचं, अक्काला काही सांगायचं नाही. औषध लागू पडलं की प्रश्न मिटला. वयस्कर बाई, कशाला तिच्या डोक्याला ताप?

"काहून?" सुमनबाईंनी विचारलं. "तिच्या डोस्क्याला का तुमच्या?"

मी आणखी ठेचा वाढून घेतला.

"सांगा की वो. त्या माउलीला वाटत आसंल, आपलंच अंग आता ऱ्हायलं न्हाई. महिनाभर तसंच वाटत आसंल. तुमी बाटली बदलली तर दुखनं जाईल, पर ते जानार न्हाई."

परतीला कुरुळी ते भोसरी बस लगेच मिळाली, उभ्याने. भोसरीच्या पुढे जागा मिळाली. बरणी पुन्हा मांडीवर होती, सवयीने.

घरी पोचलो तेव्हा अक्का देवापाशी दिवा लावत होती. हात धुतले आणि तिथेच, दारात उभ्यानेच सांगितलं. गच्ची, परात, दोन दिवसांचं ऊन, खिडकी. तुझ्या अंगाला काही झालेलं नाही, मीच औषध उन्हात मारलं. माफी मागायचं मी बसमध्ये ठरवलं होतं, ते मात्र राहून गेलं.

अक्काने काडी विझवली. "वास गेला होता त्याचा," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं मला. आधीच्या बाटलीचा वास डोक्यात जायचा, याला काहीच नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ओके म्हणालास ना. म्हटलं, एवढी वर्षं कंपनीत त्याचंच काम केलंय याने. मग माझ्याच नाकाचं काहीतरी झालं असेल. आधी नाक गेलं, आता अंग जातंय, असं धरून चालले मी."

हा माझा सहावा 'का' होता. आत जाऊन पंख्याखाली बसलो आणि मला रडू आलं. इतकंच.

दुसऱ्या दिवशी आळंदीला जाऊन बाटली आणली. या खेपेला डाव्या बाजूला बसलो. बाटली देवघराखालच्या बंद कपाटात ठेवली. बायको पहिली बाटली तिथेच ठेवायची, हे मला फोनवर कळलं. "सगळ्याला म्हणजे धान्याला हो," ती म्हणाली आणि पुढे बराच वेळ हसत राहिली. घरी असंच औषध असेल तर ते त्याच्याच गडद बाटलीत, अंधारात, गॅसपासून लांब ठेवा, झाकण उगाच उघडू नका आणि रंग किंवा वास बदलला तर घेऊ नका, वैद्यांना दाखवा. गुठळी झाली तरीही उन्हात घालू नका. प्रवासाचा एकूण खर्च किरकोळ आहे आणि जाणं-येणं एका दिवसात आरामात होतं. वर्गवारीत मी ही सहल 'पुन्हा जाऊ नये' मध्ये टाकली आहे.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी अक्काच्या खोलीचं दार बंद होतं. मी दोनदा कान लावून आलो. नीट घोरत होती. नऊला उठली, केस बांधत स्वयंपाकघरात आली आणि भूक लागली म्हणाली. मी पोहे भिजवले आणि तिला पाठमोराच विचारलं, "अक्का, मी ओके म्हटलं म्हणून तू बोलली नाहीस, असं अजून काही आहे का?"

"आहे की," ती खुर्ची ओढून बसत म्हणाली. "आधी चहा टाक. मार्चपासून आमटीत मीठ जास्त पडतंय, तिथून सुरुवात करते."

चहा दोनदा झाला, तरी ती सांगतच होती.